अभ्र्यातला हात

लाँड्रीत रफू करणाऱ्या मावशींना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, की त्या आधी पर्स उघडायच्या. माणूस उगाच चौकशी करत नाही, त्याला काहीतरी हवं असणार, अशी त्यांची खात्री होती. आणि हवं असेल तर देऊन टाकावं. विचार करत बसलं की हात आखडतो, असं त्यांचं मत. त्यांच्या नवऱ्याचं मत बरोबर उलट. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुणाला काही देण्याआधी तीन दिवस विचार करायचा, आणि तीन दिवसांत गरजवंताची सोय बहुतेक वेळा दुसरीकडे झालेली असायची. "बघ, द्यावेच लागले नाहीत," असं तो समाधानाने सांगायचा. एवढं सोडलं तर संसार सुखाचा होता.

लाँड्री चांगली ऐसपैस होती. पुढे काउंटर, मागे घरघरणारी धुण्याची यंत्रं, बाजूला इस्त्रीची खोली आणि त्या दोहोंच्या मध्ये, खिडकीपाशी, मावशींची खुर्ची. सिगारेटने कोटाला पडलेलं भोक असो की खिळ्यात अडकून फाटलेली पँट असो, सगळं शेवटी त्या खुर्चीपुढे येऊन पडायचं. मावशी कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून घ्यायच्या आणि भोकावर उभे-आडवे असे काही विणायच्या, की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारायचं, "फाटलं होतं कुठे?" हा प्रश्न ऐकला की मावशींचा दिवस सत्कारणी लागायचा. सव्वीस वर्षं त्यांनी तो प्रश्न ऐकला होता आणि सव्वीस वर्षांत त्याची गोडी कमी झाली नव्हती.

पण लाँड्रीत त्यांचा खरा दरारा होता तो वर्गणीमुळे. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं छप्पर उडालं, की वर्गणी निघायची आणि ती मावशीच गोळा करायच्या. पूर्वी त्यासाठी कागद फिरायचा. नाव आणि पुढे आकडा. कागद आला की प्रत्येकजण आधी वरचे आकडे वाचायचा आणि मग खिशाकडे न बघता त्या आकड्यांकडे बघून आपला लिहायचा. एकदा डाग काढणाऱ्या माणसाने, ज्याला सगळे डागवाले म्हणायचे, मालकांच्या आकड्याखाली मालकांचाच आकडा लिहिला आणि पुढचा आठवडाभर दुपारी "आज भूक नाही" असं म्हणत पाणी पीत बसला. मावशींनी ते पाहिलं. त्यांनी त्याला आपल्या डब्यातलं खायला घातलं, कागद टराटरा फाडला आणि धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून उशीचा एक अभ्रा उपसून काढला.

तेव्हापासून वर्गणी अभ्र्यात. मावशी अभ्रा धरून प्रत्येकासमोर उभ्या राहायच्या. माणसाने मूठ मिटून कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठ उघडायची, पुन्हा मिटायची आणि बाहेर काढायची. नोट घातली की नाणं की नुसती हवा, ते त्याचं त्याला ठाऊक. हात आत असेपर्यंत मावशी छताकडे बघत राहायच्या. डोळे छताला असले तरी तोंड मात्र मोकळं असायचं, आणि ते त्या पुरेपूर वापरायच्या. "काढा काढा, घाई नाही. हात अवघडला असेल, मोठी नोट जड असते ना." यावर हात पुन्हा खिशात जाऊन आणखी काहीतरी घेऊन यायचा. एकदा मावशी रजेवर असताना इस्त्रीवाल्या काकांनी अभ्रा फिरवून पाहिला. काका स्वभावाने गरीब, तोंडातून शब्द फुटेना. त्या अभ्र्यातून थोडी चिल्लर, शर्टाची दोन बटणं आणि कुणाची तरी खोकल्याची गोळी निघाली. काकांनी कानाला खडा लावला.

आता मावशींच्या डोळ्याचं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता आणि ही गोष्ट त्यांनी नवरा आणि डॉक्टर सोडून कुणालाही सांगितली नव्हती. रफूवालीला दिसत नाही हे कळलं की मग काय राहिलं? डाव्या डोळ्यावर त्यांचा आधीपासूनच फारसा भरवसा नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबू नका, पुढच्या गुरुवारी येऊन ऑपरेशन करून घ्या. नवरा-बायकोने मिळून निम्मे पैसे चहाच्या एका रिकाम्या डब्यात जमवले होते. निम्मे अजून जमायचे होते, आणि दर वेळी डबा भरत आला की कुणाच्या तरी घरी कुणीतरी आजारी पडायचं.

इकडे मालकही वैतागले होते. महिन्याभरात तीन कपडे परत आले. एका गडद निळ्या पँटवर तपकिरी धाग्याचा रफू होता, भर गुडघ्यावर. मालक खुर्चीपाशी येऊन घसा खाकरत म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यापासून रफूचं काम बाहेर द्यावं म्हणतो. तुम्हालाही जरा आराम."

"आराम मेल्यावर भरपूर आहे," मावशी म्हणाल्या. "आणि हल्ली कापडच बोगस येतं, त्याला मी काय करू?"

मालक गेल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. पाच वेळा चुकला. सुया हल्ली फार बारीक बनवतात, असं त्या खिडकीला ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. ती खुर्ची गेली तर घरी बसून काय करायचं, हा विचारच त्यांना सहन होत नव्हता.

पुढचं मावशींना कळलं ते पाच दिवसांनी, पण आपण आत्ताच सांगून टाकू. काकांनी ती निळी पँट पाहिली होती. मग न्हाव्याच्या दुकानात त्यांची आणि मावशींच्या नवऱ्याची गाठ पडली. गालाला साबण लावलेल्या त्या गृहस्थाने मोतीबिंदूपासून चहाच्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "कुणाला सांगू नका. मी तीन दिवस विचार करून तुम्हाला सांगतोय." काकांनी सगळ्या लाँड्रीला सांगितलं, मालकांनाही. वर्गणी काढायची हे एका मिनिटात ठरलं. मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, कारण अभ्रा फिरवणार कोण? दुसऱ्या कुणी फिरवला तर बटणं आणि गोळ्याच निघणार. शिवाय मावशींना वगळून वर्गणी निघाली, तर त्या दहा मिनिटांत छडा लावतील आणि एकेकाचे पैसे त्याच्या तोंडावर मारतील.

"त्यांनाच फिरवू दे की," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

आणि काका मावशींच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"मावशी, एक वर्गणी काढायची आहे."

"कुणासाठी?"

"आहे एक बाई. शिवणकाम करते. तिचं ऑपरेशन व्हायचं आहे."

"कसलं?"

काका गडबडले. एवढी पुढची तयारी कुणी केली नव्हती. "हाताचं," ते म्हणाले. "उजव्या."

मावशींनी मांडीवरच्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "शिवणकाम करणारी, आणि उजवा हात? अरेरे. नाव काय तिचं?"

"नाव नाही सांगता येणार. फार मानी बाई आहे. कळलं तर अंगावर येईल आमच्या. कुणाची दमडी घेणार नाही."

"असतात अशा," मावशी म्हणाल्या. "स्वतःला फार शहाण्या समजतात. दुसऱ्याचं घेतलं तर जसं काही यांचं नाकच कापलं जातं. लोकांना द्यावंसं वाटतं, त्याचा काही विचार आहे की नाही? तिला आणा एकदा माझ्यासमोर, दोन शब्द ऐकवते."

"आणतो," काका म्हणाले आणि वाफेच्या आडोशाला जाऊन उभे राहिले.

मावशींनी अभ्रा काढला. त्या दिवशी त्या अशा काही पेटल्या होत्या की विचारू नका. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "तुझे दोन्ही हात धडधाकट आहेत ना? मग त्यातला एक घाल इकडे." मुलीने ओठ घट्ट मिटून हात घातला. डागवाले आपणहून दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा मावशींना राहवलं नाही. "तुम्हाला आता भूक लागत नाही असं पुन्हा व्हायला नको," त्या छताकडे बघत म्हणाल्या. डागवाले म्हणाले, "या वेळी हिशोब करून घातलेत मावशी."

मग मालकांची केबिन. मालक बिलं चाळत होते.

"मालक, मला त्या बाईच्या मालकाचं नवल वाटतं," मावशींनी सुरुवात केली. "इतकी वर्षं राबते ती त्याच्याकडे. बाईचा हात कामातून जायची वेळ आली आणि त्या मेल्याला पत्ता नाही. त्याला वाटत असेल, ही गेली तर दुसरी मिळेल. कसलं काळीज असतं हो अशा लोकांचं?"

मालकांचा कान लाल झाला. त्यांनी अभ्र्यात हात घातला, बाहेर काढला, थोडा वेळ बसून राहिले, मग ड्रॉवर उघडून पुन्हा घातला.

"तुमच्यासारखे सगळे असते तर," मावशी कौतुकाने म्हणाल्या. मालक बिलांत तोंड खुपसून बसले.

इतकं करूनही अभ्रा मावशींना हलका वाटला. वर्षानुवर्षांच्या सवयीने तो हातात तोलला की त्यांना अंदाज यायचा. हाताचं ऑपरेशन म्हणजे काही थोडंथोडकं काम नाही. अभ्रा परवा काकांच्या हवाली करायचा होता आणि मधे साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. अभ्रा त्या घरी घेऊन आल्या.

"डब्याला हात लावायचा नाही," नवरा म्हणाला. त्या अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

"कोण लावतंय?"

"गुरुवारी ऑपरेशन आहे. उरलेल्यांसाठी मी माझ्या धाकट्या भावाला विचारणार आहे. विचार चालू आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बूट शिवून आणायला गेला आणि मावशी डब्यासमोर बसल्या. त्यांनी खरंच विचार केला, आयुष्यात पहिल्यांदाच इतका. डोळे दोन असतात. एक गेला तर दुसरा आहे, बरावाईट का होईना. पण शिवणाऱ्या बाईचा उजवा हात एकच. डावा काय कामाचा? आपली खुर्ची तर तशीही जाणार. मालकांनी सांगून टाकलंय, आणि गुरुवारचे उरलेले पैसे दिराच्या भरवशावर आहेत, म्हणजे दोन भाऊ मिळून सहा दिवस विचार करणार. निदान तिची तरी खुर्ची राहू दे. हे मनात आलं तेव्हा त्यांना रडू आलं, आणि रडून झाल्यावर फार बरं वाटलं. मग त्या कामाला लागल्या.

एवढी मोठी रक्कम उघडी टाकली तर काकांना शंका येणार. म्हणून त्यांनी कोटाच्या अस्तराचा एक तुकडा घेतला, नोटांची गड्डी त्यात गुंडाळली आणि चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून टाकली. आता कुणाला कळणार, कोणी दिले? नाव नाही, आकडा नाही. स्वतःवर खूश होत त्यांनी ते पुडकं अभ्र्याच्या तळाशी सरकवलं.

मावशी हुशार होत्या, पण सव्वीस वर्षं एका जागी काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कधी सुचत नाही. काकांनी त्यांचे टाके लाखो वेळा इस्त्रीखाली घेतले होते. दर चौथा टाका त्या किंचित तिरपा घ्यायच्या. लाँड्रीतल्या लोकांना त्यांचं अक्षर ओळखायला वेळ लागला असता, टाका नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने निरोप आणला, "मावशी, इस्त्रीच्या खोलीत बोलावलंय."

खोलीत सगळे उभे होते. काका, डागवाले, मालकसुद्धा. इस्त्रीच्या टेबलावर अभ्रा रिकामा केलेला होता. एका बाजूला सुट्या पैशांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला अस्तराचं पुडकं. कुणी हसत नव्हतं. मावशींना वाटलं, आपण जास्त दिले म्हणून हे रागावलेत.

"ते माझं नाही," त्या म्हणाल्या.

"आम्ही विचारलंच नाही अजून," काका म्हणाले. "मावशी, हे डोळ्याचे पैसे आहेत."

"कसला डोळा? कुणाचा डोळा?"

"तुमचा. उजवा. गुरुवारी."

मावशींनी दाराच्या चौकटीला हात टेकला. नवऱ्याच्या नावाने त्या मनातल्या मनात काय काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग सावरून म्हणाल्या, "बरं, असतील डोळ्याचे. माझे पैसे, मी कुणालाही देईन. त्या बाईची गरज मोठी आहे."

"ती बाई तुम्हीच आहात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिला आता धीर धरवत नव्हता. "हात-बित काही नाही. काका घाबरून काहीतरी बोलले."

मावशींच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि त्याबरोबर चेहऱ्याचा रंग बदलत गेला.

"म्हणजे मी स्वतःसाठी भीक मागत हिंडले?"

"हिंडलात आणि फार उत्तम हिंडलात," काका म्हणाले. "निम्मे कमी होते, त्याहून थोडे जास्तच जमलेत. आणि ते पुडकं वेगळंच. ते निघालं तेव्हा आमचे हातपाय गळाले. तुम्ही तुमचा डोळा अभ्र्यात टाकून मोकळ्या झालात."

"आणि मी मालकांना…" मावशींनी जीभ चावली.

"मेला म्हणालात," मालक म्हणाले. "काळजाबद्दलही काहीतरी होतं."

"मला नकोत हे," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, म्हणजे त्यांना रडू यायला लागलं होतं. "कुणी किती घातले ते सांगा. एकेकाचे आत्ताच्या आत्ता परत करते."

"ते कसं कळणार?" डागवाले म्हणाले. "तुम्ही तर छताकडे बघत होतात."

मावशींनी त्या ढिगाकडे पाहिलं. त्यातली कुठली नोट कुणाची होती? मुलीची कुठली, मालकांची कुठली? कुणी मुठीतून नुसती हवा घातली असेल, तर त्याचंही तोंड इथेच उभं होतं आणि त्यालाही त्या काही बोलू शकत नव्हत्या. फेडायचं तर कुणाचं फेडणार? त्यांना पळून जायलाही जागा राहिली नव्हती.

"तुम्ही त्या बाईला दोन शब्द ऐकवणार होतात," काका हळूच म्हणाले.

मावशी स्टुलावर बसल्या. "लाज वाटते हो घ्यायला," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. फार लाज वाटते. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना दिलं, त्यांनाही अशीच वाटली असेल, आणि मी वर त्यांना भाषणं देत होते."

"मला वाटली होती," डागवाले म्हणाले. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको महिनाभर दवाखान्यात होती, तेव्हा वर्गणी त्यांच्यासाठी निघाली होती. "दोन दिवस वाटली. मग बायको चालत घरी आली आणि मी विसरून गेलो."

मालकांनी घसा खाकरला. बाहेरच्या रफूवाल्याकडून त्यांनी एक कोट रफू करून आणला होता, तो त्यांनी टेबलावर टाकला. रफू दहा हातांवरून दिसत होता. "तुम्ही बऱ्या होऊन या," ते म्हणाले. "तोपर्यंत फाटलेले कपडे साठवून ठेवतो. लोक थांबतील. नाही थांबले तर फाटकं घालतील."

काकांनी पुडकं मावशींपुढे सरकवलं आणि त्यावर कात्री ठेवली. आता हे उसवून सगळे पैसे एकत्र करायचे होते, म्हणजे मुलीला लिफाफ्यात भरता आले असते. मावशींनी पुडकं खिडकीच्या उजेडात धरलं. कात्रीचं टोक शिवणीवर टेकवलं, ते घसरलं. दुसऱ्यांदा टेकवलं, पुन्हा घसरलं. कात्रीला धार राहिली नाही हल्ली, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. असलीच वाक्यं रोज कुणा ना कुणाला ऐकवून त्यांनी आजवर वेळ मारून नेली होती.

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"काका," त्या म्हणाल्या, "मला टाका दिसत नाही. तुम्ही उसवून द्याल का?"

काकांनी इस्त्री बंद केली, हात पुसले आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.